दोन आकृत्या, एकच परिपथ: सर्किट डायग्राम ताडून पाहण्याची रीत

परिपथाची आकृती एकच गोष्ट सांगत असते: कोणत्या घटकाचं कोणतं टोक कोणाच्या टोकाला जोडलं आहे. रोध आडवा काढला की तिरका, तार सरळ गेली की तीन वळणं घेऊन गेली, बॅटरी वर आहे की डावीकडे, याचा विजेला काहीही फरक पडत नाही. किर्कहॉफने १८४५ साली मांडलेले दोन्ही नियम जोड आणि बंद वळसे एवढ्याच भाषेत बोलतात. लांबी, कोन, उजवं-डावं यांचा त्यात उल्लेखही नाही.

डोळा मात्र आकार पाहतो. एका ओळीत तीन रोध दिसले की तो ‘एकसर’ म्हणतो, एकाखाली एक दिसले की ‘समांतर’. दहावीच्या गणितापासून पॅनेलच्या वायरिंगपर्यंत बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. त्यावर उपाय आहे आणि तो फार सोपा आहे: आकृतीकडे बघून निर्णय घ्यायचा नाही, तिचं जोडणी-कोष्टक करायचं आणि कोष्टकाकडे बघून निर्णय घ्यायचा. सुरुवातीला एका आकृतीला पाच-सात मिनिटं लागतात. वीसेक आकृत्या झाल्या की हात आपोआप चालतो.

नोड नीट ओळखा

तारेच्या एखाद्या बिंदूवर पेन्सिल टेकवा आणि तार जाईल तिकडे फिरवा. फाटा आला तर सगळ्या फाट्यांवर जा. रोध, सेल, दिवा, स्विच असा एखादा घटक आडवा आला की तिथं थांबा. थांबेपर्यंत जेवढ्या रेघा गिरवल्या, त्या सगळ्या मिळून एक नोड. आकृतीतल्या तारेला रोध नाही असं आपण धरतो, त्यामुळे तिच्या दोन टोकांत विभवांतर नसतं. ती तार बोटभर असो की पानभर, नोड एकच.

इथं एक गैरसमज हमखास होतो. जिथं ठिपका दिलाय तिथंच नोड, असं अनेकांना वाटतं. एका लांब तारेवर पाच ठिपके असतील तर ते पाच नोड धरून लोक गणित करत बसतात. ठिपका फक्त ‘इथं तारा जोडल्या आहेत’ एवढंच सांगतो. मुंबईच्या लोकलच्या नकाशात पश्चिम रेल्वेचं दादर आणि मध्य रेल्वेचं दादर वेगवेगळ्या रेघांवर असतं. पण मधे पूल आहे, गाडीत न बसता पायी पलीकडे जाता येतं, म्हणून प्रवासी ते एकच ठिकाण मानतो. घटक न ओलांडता जाता येत असेल तर ते एकच ठिकाण: नोडचाही नियम तोच.

कोष्टक करण्याच्या पायऱ्या

१. चार-पाच रंगीत पेन्सिली घ्या. बॅटरीच्या धन टोकापासून सुरुवात करून तो पूर्ण नोड एका रंगाने गिरवा आणि त्याला ‘क’ नाव द्या.

२. ‘क’ला टेकलेला कुठलाही एक घटक ओलांडा. पलीकडे रंग नसलेली तार लागली तर नवा रंग, नवं अक्षर: ख, ग, घ. पलीकडे आधीच रंग असेल तर नवं अक्षर द्यायचं नाही.

३. रंग नसलेला तारेचा एकही तुकडा उरत नाही तोपर्यंत थांबू नका. पानाच्या कोपऱ्यातला छोटा तुकडाच पुढे नडतो.

४. आता आकृती बाजूला ठेवा आणि प्रत्येक घटकासाठी एक ओळ लिहा: घटकाचं नाव, किंमत, त्याच्या दोन टोकांची अक्षरं. ज्याला दिशा आहे (सेल, डायोड, एलईडी, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर) त्याचं कोणतं टोक कुठं, हे वेगळं लिहा. ट्रान्झिस्टरला तीन पाय, ५५५ टायमर या आयसीला (चिपला) आठ पिना. तिथं प्रत्येक पायाचं अक्षर हवं.

५. प्रत्येक अक्षरावर किती टोकं येतात ते मोजा. दोन टोकांचे घटक असतील तर सगळ्या नोडांवरच्या टोकांची बेरीज घटकांच्या संख्येच्या बरोबर दुप्पट यायला हवी. आली नाही तर एखादं टोक सुटलंय किंवा दोनदा मोजलंय. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे, ती टाळू नका.

६. दुसऱ्या आकृतीचंही असंच कोष्टक करा. तिची अक्षरं पहिल्याशी जुळणार नाहीत, कारण ती तुम्ही दिलेली आहेत. बॅटरीची दोन टोकं एकमेकांशी लावा, मग ज्याची किंमत एकमेव आहे असा एखादा घटक धरा आणि त्यावरून बाकीची अक्षरं बदलत जा. सगळ्या ओळी तंतोतंत जुळल्या तर परिपथ एकच.

जुळणी सुरू करण्याआधी दोन्हीकडचे घटक, त्यांच्या किमती, नोडांची संख्या आणि प्रत्येक नोडवरची टोकं पाहून घ्या. एका आकृतीत चार टोकांचा नोड आहे आणि दुसरीत कुठलाच नाही, तर परिपथ वेगळे आहेत, पुढे कष्ट घ्यायची गरज नाही. उलट मात्र खरं नाही. या संख्या जुळल्या म्हणजे परिपथ जुळले असं होत नाही; ओळी ताडून पाहाव्याच लागतात.

स्विच सुरुवातीला घटक म्हणूनच लिहावा. नंतर तो बंद-चालू केल्यावर काय होतं ते पाहताना, जोडलेला असेल तर त्याच्या दोन बाजूंची अक्षरं एक करायची आणि उघडा असेल तर त्याची ओळ खोडायची.

ओळीत दिसणारे तीन रोध

कागदावर डावीकडून उजवीकडे १२०, १८० आणि ३६० ओहमचे तीन रोध एका ओळीत काढा. ओळीवर चार बिंदू मिळतात, त्यांना १, २, ३, ४ म्हणू. आता वरून कमान काढून एक तार १ पासून ३ पर्यंत न्या. खालून कमान काढून दुसरी तार २ पासून ४ पर्यंत न्या. बॅटरी १ आणि ४ला जोडा. प्रवेश परीक्षांच्या सराव-प्रश्नांत ही आकृती वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

रंग भरायला घ्या. बिंदू १ आणि ३ तारेने जोडलेले, दोन्ही ‘क’. बिंदू २ आणि ४ जोडलेले, दोन्ही ‘ख’. तिसरं अक्षर लागतच नाही.

१२० ओहम : क – ख
१८० ओहम : ख – क
३६० ओहम : क – ख
बॅटरी : धन क, ऋण ख

तिन्ही रोधांची अक्षरं तीच, म्हणजे तिन्ही समांतर. एकूण रोध ६० ओहम. दोन सेलचे ३ व्होल्ट लावले तर ५० मिलिअँपिअर धारा वाहेल. ‘ओळीत आहेत, म्हणजे एकसर’ असं धरलं असतं तर ६६० ओहम आणि जेमतेम साडेचार मिलिअँपिअर आले असते. हा फरक कागदावर एका गुणाचा, प्रत्यक्षात मात्र घटक जळण्याचा असू शकतो: हाच जोड ६ व्होल्टवर लावला तर १२० ओहमच्या रोधात ०.३ वॉट उष्णता तयार होते आणि बाजारात सर्रास मिळणारा पाव वॉटचा रोध ती सोसत नाही.

आता खालची कमान काढून टाका, वरची राहू द्या. पुन्हा कोष्टक करा: १२० ओहम क–ख, १८० ओहम ख–क, ३६० ओहम क–ग, बॅटरी क आणि ग. ‘ख’वर फक्त दोन टोकं आहेत आणि त्या दोन रोधांची जोडी ‘क’पासून निघून ‘क’लाच परत येते. दोन्ही टोकं एकाच विभवावर असल्याने त्या जोडीतून धाराच वाहत नाही. बॅटरीला दिसतो फक्त ३६० ओहमचा रोध. एखाद्या घटकाची दोन्ही अक्षरं एकच आली, किंवा घटकांची साखळी जिथून निघाली तिथंच परतली, की तो भाग शॉर्ट झालेला आहे. गणितातून तो खोडून टाका.

एकसर आणि समांतर: दोनच कसोट्या

समांतर असण्याची कसोटी: दोन्ही घटकांची दोन्ही अक्षरं तीच. एकसर असण्याची कसोटी: दोघांमध्ये एक नोड सामाईक आणि त्या नोडवर या दोघांशिवाय तिसरं एकही टोक नाही. दुसऱ्या अटीतला शेवटचा भाग विसरला जातो. तिथून एखादी बारीकशी तार तिसरीकडे जात असेल तर धारा वाटली जाते आणि एकसरपणा संपतो. एकसर असायला शेजारी असणं गरजेचं नाही, हेही लक्षात ठेवा. एकाच वळशात रोध, मग बॅटरी, मग दुसरा रोध असेल तरी ते दोन रोध एकसरच.

दोन्ही कसोट्यांत न बसणारे घटकही असतात. तेव्हा ओढून-ताणून ‘अर्धे एकसर, अर्धे समांतर’ असं काही करू नये.

कोष्टक झालं की आकृती नव्याने काढावी. पानाच्या वरच्या बाजूला ‘क’ची आडवी रेघ, तळाशी बॅटरीच्या ऋण टोकाची रेघ, बाकीची अक्षरं मधे, आणि मग एकेक ओळ वाचत घटक टांगत जायचे. मूळ आकृतीकडे या वेळी पाहायचंच नाही. पाहिलं की डोळा जुना आकार परत आणतो.

चिन्हांचे सापळे

रोध नागमोडी रेघेने काढला की आयताने, घटक तोच. पहिली अमेरिकेत रूढ झालेली पद्धत, दुसरी आंतरराष्ट्रीय मानकाची. आपल्याकडे दोन्ही दिसतात.

एकमेकांना छेदणाऱ्या तारांवर ठिपका नसेल तर त्या जोडलेल्या नाहीत. जुन्या आकृत्यांत अशा जागी एक तार दुसरीवरून उडी मारल्यासारखी अर्धवर्तुळाने काढलेली असते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ठिपके उडतात किंवा शाईचा डाग ठिपका होऊन बसतो, म्हणून स्वतः काढताना चार तारा एका बिंदूत कधीच आणू नका. दोन टी-जोड थोडे बाजूबाजूला काढा. मग ठिपका गेला तरी अर्थ जात नाही.

ग्राउंडचं चिन्ह आकृतीत दहा ठिकाणी असलं तरी ते सगळे मिळून एक नोड. ‘+५ व्होल्ट’ असं नाव दिलेली सगळी टोकंही एकच नोड. बॅटरीचं चिन्हच नसलेली आकृती पाहून बरेच जण गोंधळतात. तिथं बॅटरी +५ आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहे असं समजून कोष्टकात एक ओळ वाढवा.

आदर्श अॅमीटर म्हणजे साधी तार, आदर्श व्होल्टमीटर म्हणजे तुटलेली तार. मीटरांनी गजबजलेल्या प्रश्नात आधी सगळे व्होल्टमीटर खोडा, अॅमीटरच्या जागी रेघा ओढा, परिपथ सोडवा आणि मग मीटर परत ठेवून वाचन काढा. स्थिर डीसीवर, बराच वेळ गेल्यानंतर, कपॅसिटर तुटलेल्या तारेसारखा आणि कॉइल तिच्या तारेच्या रोधापुरती उरते. हे फक्त त्या अवस्थेपुरतं खरं आहे. स्विच दाबल्याच्या क्षणी किंवा एसीवर ही अदलाबदल चालत नाही.

ब्रिज: आकार बदलणारा बहुरूपी

व्हीटस्टन ब्रिज पुस्तकात हिऱ्याच्या आकारात असतो. (ही रचना सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली, व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचंच राहिलं.) तोच ब्रिज शिडीसारखा, चौकोनात फुली मारल्यासारखा किंवा एका ओळीत दोन कमानींसह काढता येतो, आणि मग भलेभले चकतात. कोष्टकात मात्र तो लपत नाही:

१०० ओहम : क – ख
२०० ओहम : ख – घ
१५० ओहम : क – ग
३०० ओहम : ग – घ
४७० ओहम : ख – ग
बॅटरी : धन क, ऋण घ

चार नोड, सहा घटक, प्रत्येक नोडवर तीन टोकं. ही खूण दिसली आणि एकही जोडी समांतर नसली की ब्रिज समजावा. यात एकसर जोडीही नाही, त्यामुळे नेहमीची सूत्रं लागत नाहीत. पुढचा प्रश्न: ब्रिज संतुलित आहे का? १००/२०० आणि १५०/३०० सारखेच, म्हणून ख आणि ग यांचं विभव सारखं आणि ४७० ओहममधून धारा शून्य. मधला रोध खोडून टाका: ३०० आणि ४५० समांतर, म्हणजे १८० ओहम. मधल्या रोधाच्या जागी तार जोडा: १०० व १५० समांतर ६०, २०० व ३०० समांतर १२०, बेरीज पुन्हा १८०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं की हिशेब बरोबर आहे.

पण ही सूट फक्त क–घ या टोकांपुरती आहे. बॅटरी काढून तेच पाच रोध ख–ग या टोकांवरून पाहिले तर २५०, ५०० आणि ४७० ओहम समांतर दिसतात, म्हणजे सुमारे १२३ ओहम. ३०० ओहमच्या जागी ३३० लावला तर संतुलन जातं आणि मधला रोध खोडता येत नाही. ‘मधला रोध नेहमी सोडून द्यायचा’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणूनच घातक आहे. आधी गुणोत्तर पाहा.

सारख्या विभवाचे नोड एक करण्याची हीच युक्ती सममित जाळ्यांत फार उपयोगी पडते. बारा सारख्या रोधांचा घन घ्या, समोरासमोरच्या दोन टोकाच्या कोपऱ्यांवर बॅटरी लावा. सुरुवातीच्या कोपऱ्याला लागून असलेले तीन नोड सारख्या विभवावर, शेवटच्या कोपऱ्याजवळचे तीनही तसेच. त्यांना एक केलं की तीन रोध समांतर, मग सहा, मग तीन: एका रोधाच्या पाच-षष्ठांश. १२० ओहमचे बारा रोध सोल्डर करून घन बनवा, मल्टिमीटर १०० ओहम दाखवेल.

‘सारखा’ म्हणजे किती सारखा?

इथपर्यंत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली वापरल्या. पहिली: दोन आकृत्यांची कोष्टकं तीच, म्हणजे परिपथ अक्षरशः तोच. दुसरी: कोष्टकं वेगळी, पण ठरावीक टोकांवरून पाहिल्यास वागणूक तीच. दुसऱ्या प्रकारात कुठल्या टोकांवरून पाहतोय हे सांगितल्याशिवाय ‘सारखे’ हा शब्द वापरू नये.

एलईडी आणि ३३० ओहमचा रोध ५ व्होल्टवर एकसर जोडा. रोध आधी की एलईडी आधी, याने धारेला फरक पडत नाही. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट धरले तर दोन्हीकडे ९ मिलिअँपिअर. मधल्या नोडचं विभव मात्र रोध आधी असेल तर २ व्होल्ट आणि एलईडी आधी असेल तर ३ व्होल्ट. त्या नोडवरून दुसरीकडे तार नेली नसेल तोवर दोन्ही जोडण्या सारख्या. नेली, की वेगळ्या.

स्टार-डेल्टा रूपांतराचंही तसंच (ते आर्थर केनेली यांनी १८९९ मध्ये मांडलं). डेल्टा म्हणजे त्रिकोणात जोडलेले तीन रोध, स्टार म्हणजे एका मध्यबिंदूपासून निघालेले तीन. ९० ओहमच्या तीन रोधांचा डेल्टा आणि ३० ओहमच्या तीन रोधांचा स्टार बाहेरच्या तीन टोकांवरून ओळखू येणार नाहीत इतके सारखे; स्टारच्या मध्यबिंदूला मात्र डेल्टात जागाच नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार-डेल्टा स्टार्टरशी याची गल्लत करू नका. तिथं मोटरच्या त्याच तीन वाइंडिंग आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये जोडतात, आणि दोन जोडण्या सारख्या नाहीत म्हणूनच त्याचा उपयोग आहे: स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ऐवजी सुमारे २४० व्होल्ट मिळतात आणि लाइनमधली धारा डेल्टाच्या एक-तृतीयांश राहते.

घरातल्या वायरिंगमध्ये विसरला जाणारा नोड

हा भाग सगळ्यात मन लावून वाचावा. स्विच फेजमध्ये घेतला काय किंवा न्यूट्रलमध्ये घेतला काय, दिवा दोन्हीकडे सारखाच लागतो आणि विझतो. दोन घटक एकसर, क्रम बदलला तर धारा तीच, हे आत्ताच पाहिलं. मग वायरमनला ‘स्विच फेजमध्येच हवा’ असं का शिकवतात? कारण कोष्टकात एक नोड राहिलेला असतो: जमीन. आपल्या वीजपुरवठ्यात न्यूट्रल जमिनीला जोडलेला (‘अर्थिंग’ केलेला) असतो, म्हणून फेज आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट असतात. न्यूट्रलमधला स्विच उघडला की दिवा विझतो, पण होल्डरची दोन्ही टोकं तंतूमधून फेजच्याच नोडवर राहतात. बल्ब बदलायला हात लावणारा माणूस त्या नोड आणि जमिनीमधला नवा घटक होतो. त्याची ओळ कोष्टकात लिहून पाहा, म्हणजे दोन आकृत्यांतला फरक लगेच दिसेल.

जिन्याच्या दिव्याची गोष्ट याहून फसवी आहे. नेहमीच्या जोडणीत फेज पहिल्या टू-वे स्विचच्या कॉमनला (सामाईक टोकाला) जाते, दोन स्विचमध्ये दोन तारा धावतात, दुसऱ्या स्विचच्या कॉमनवरून तार दिव्याला आणि दिव्यावरून न्यूट्रल. तार वाचवण्यासाठी कधी कधी दुसरीच जोडणी केलेली आढळते: दोन्ही स्विचच्या एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, आणि दोन कॉमनच्या मध्ये दिवा. स्विचच्या चार स्थिती तपासल्या तर दोन्ही जोडण्यांत दोनदा दिवा लागतो, दोनदा विझतो. वापरणाऱ्याला फरक कळतच नाही. पण दुसऱ्या जोडणीत विझलेल्या दोनपैकी एका स्थितीत दिव्याची दोन्ही टोकं फेजवर असतात. शिवाय एकाच स्विचच्या पोटात फेज आणि न्यूट्रल शेजारी आल्याने झिजलेल्या संपर्कात ठिणगी लांबली तर थेट शॉर्ट. अशी जोडणी सापडली तर परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्या. तुम्ही स्वतः उघडून पाहणार असाल तर मेन स्विच बंद करूनच.

कोष्टक तेच, तरी काम वेगळं

तारेला रोध नाही हे गृहीतक कधी तुटतं, हेही माहीत हवं. विहीर घरापासून २०० मीटरवर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून एक-फेज मोटर चालते असं समजा. जाऊन-येऊन ४०० मीटर तार, तिचा रोध सुमारे १.७ ओहम. मोटर ८ अँपिअर घेत असेल तर जवळपास १४ व्होल्ट तारेतच पडतात, आणि सुरू होताना धारा कैकपट असल्याने आणखी पडतात. इथं तार हा घटक आहे. तिला रोध म्हणून काढा, नोड दोन करा.

दुसरं उदाहरण छोट्या सर्किटचं. आयसीच्या पुरवठ्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. कोष्टकात तो +५ आणि ग्राउंड यांमध्ये आहे, बोर्डच्या कुठल्याही टोकाला बसवला तरी ओळ तीच. पण काम तो आयसीच्या पिनेला चिकटून असेल तेव्हाच नीट करतो, कारण जलद बदलणाऱ्या धारेला लांब तार अडवते.

ब्रेडबोर्डवर ताडून पाहणं

ब्रेडबोर्ड म्हणजे तयार नोडांचा डबाच. ८३० छिद्रांच्या बोर्डवर ६३ ओळी, प्रत्येक ओळ मधल्या खाचेने दुभागलेली; खाचेच्या एका बाजूची पाच छिद्रं म्हणजे एक नोड. आयसी खाचेवर आडवी बसवायची, नाहीतर समोरासमोरच्या पिना शॉर्ट होतात. कडेच्या पुरवठा-पट्ट्या काही बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात. अर्धं सर्किट चालतं आणि अर्धं मेलेलं असतं तेव्हा आधी तिथं पाहा. आकृतीत आयसीच्या पिना सोयीच्या क्रमाने काढलेल्या असतात, प्रत्यक्षात क्रमांक खुणेपासून घड्याळाच्या उलट दिशेने जातात. जोडणी कोष्टकातल्या पिन क्रमांकावरून करा, चित्रातल्या जागेवरून नको.

जोडून झालं की पुरवठा काढा, मोठे कपॅसिटर रोधातून रिकामे करा आणि मल्टिमीटर घ्या. आधी सातत्य तपासा: कोष्टकात एक अक्षर असलेल्या सगळ्या टोकांमध्ये बीप यायला हवी, वेगळ्या अक्षरांत नको. बीप काही दहा ओहमपर्यंतही वाजते, त्यामुळे कॉइल, मोटर किंवा छोटा दिवा मधे असेल तर शंकेला ओहमचा आकडा वाचा. दिव्याच्या बाबतीत आणखी एक: ६० वॉटच्या तंतूच्या बल्बचा चालू असतानाचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने ८८० ओहमच्या आसपास येतो, पण थंड तंतू मल्टिमीटरवर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवतो. तो बिघाड नाही.

मग रोध मोजा. वरचाच ब्रिज बॅटरीविना जोडला असेल तर क–घ १८० ओहम यायला हवेत, ५ टक्क्यांचे रोध असतील तर १७१ ते १८९. पण या एका आकड्यावर थांबू नका. ४७० ओहमचे दोन्ही पाय चुकून एकाच ओळीत खोचले गेले तरी क–घ १८०च येईल, आणि ख–ग मध्ये नको असलेली तार राहून गेली तरी १८०च, कारण ब्रिज संतुलित आहे. दुसरं वाचन ख–ग वर घ्या: बरोबर जोडणीत १२३, रोध निकामी खोचला असेल तर १६७, तार राहिली असेल तर शून्य.

आणि क–ख मोजलंत तर १०० येणार नाही, ८०च्या जवळ येईल. रोध खराब नाही. बाकीचे चार रोध त्याच दोन अक्षरांमध्ये दुसरी वाट तयार करतात. खात्री करायची असेल तर त्याचा एक पाय उचला आणि पुन्हा मोजा.